ग्रुप बी : दोष गाडीचा, रस्त्याचा की गर्दीचा?

आज आपण ज्या काळाबद्दल बोलणार आहोत तो मोजून पाच हंगामांचा आहे, 1982 ते 1986. इतिहासाच्या हिशेबात हा काळ म्हणजे काहीच नाही. पण रॅलीच्या चाहत्यांना एका खोलीत बसवा आणि 'ग्रुप बी' एवढंच म्हणा, पुढचे दोन तास तुम्हाला तोंड उघडायची गरज पडणार नाही. एक जण म्हणेल, तो सुवर्णकाळ होता, पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणेल, कसला सुवर्णकाळ, माणसं मेली तेव्हा. तिसरा दोघांना थांबवून सांगेल, की गाड्यांचा काही दोष नव्हता, गर्दी आवरता आली नाही त्याचं खापर गाड्यांवर फुटलं. हा वाद चाळीस वर्षं चालू आहे. आज आपण तो जरा नीट तपासू.

आधी रॅली म्हणजे काय ते दोन वाक्यांत. फॉर्म्युला वनसारखा इथे बंदिस्त ट्रॅक नसतो. नेहमीचे रस्ते, घाट, जंगलातल्या वाटा तेवढ्यापुरत्या बंद करतात आणि गाड्या एकेक करून घड्याळाशी झुंजतात. नाशिकची रॅली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे माहीत आहे. चालकाशेजारी सहचालक बसतो आणि पुढचं वळण कसं आहे ते वहीतून वाचत राहतो. आणि प्रेक्षक? ते रस्त्याच्या कडेला. हा 'कडेला' शब्द लक्षात ठेवा.

आता नियम. तुम्ही म्हणाल, नियमांपासून कशाला सुरुवात? कारण आम्हाला असं वाटतं की या गोष्टीतला खरा खलनायक, असलाच तर, नियमांच्या कागदात बसलेला आहे. रॅलीत उतरणारी गाडी ही बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीचाच अवतार असायला हवी, असा संकेत होता. त्यासाठी कंपनीला ठरावीक संख्येने गाड्या बनवाव्या लागत. जुन्या ग्रुप फोरमध्ये हा आकडा 400 होता. 'फिसा' या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1982 पासून ग्रुप बी आणला आणि आकडा 200 वर आणला. शेजारच्या ग्रुप ए साठी तो 5000 होता. म्हणजे पाच हजार कुटुंबांना विकता येईल अशी गाडी करण्यापेक्षा दोनशे गाड्या खास शर्यतीसाठी बनवणं कितीतरी सोपं. आणि त्या दोनशे झाल्या, की सुधारित आवृत्तीसाठी आणखी फक्त 20 पुरत! कागदावर ती रस्त्यावरचीच गाडी, प्रत्यक्षात अंगावर घरगुती गाडीचं कातडं पांघरलेलं शर्यतीचं यंत्र.

दुसरी मेख वजनाची. गाडीचं कमीत कमी वजन किती असावं हे इंजिनाच्या आकारावरून ठरत होतं, आणि टर्बो असेल तर इंजिनाचा आकार 1.4 ने गुणायचा. झालं, अभियंत्यांनी कॅल्क्युलेटर हातात घेतले. ऑडी क्वाट्रोचं मूळ इंजिन 2144 सीसी. गुणा 1.4 ने, उत्तर तीन हजारांच्या जेमतेम वर जातं, म्हणजे गाडी वरच्या, जड वर्गात. मग पुढच्या स्पोर्ट क्वाट्रोचं इंजिन केलं 2133 सीसी. गुणाकार 2986, गाडी हलक्या वर्गात. लॅन्सियाच्या डेल्टा एस फोरचं इंजिन 1759 सीसी, गुणाकार 2462, म्हणजे अडीच हजारांच्या आत, आणि किमान वजन 890 किलो. अकरा सीसीसाठी इंजिन नव्याने घडवणारी ही माणसं. टर्बोच्या दाबावर मात्र मर्यादा नव्हती. तिथून ताकद किती काढायची, ते ज्याच्या त्याच्या हिमतीवर.

आणि ती किती काढली? 1981 मध्ये क्वाट्रो पहिल्यांदा जागतिक रॅलीत उतरली तेव्हा ती साधारण 300 हॉर्सपॉवरची होती. 1986 पर्यंत आघाडीच्या गाड्या साडेचारशे-पाचशेच्या घरात गेल्या. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तिची ताकद चाळीसच्याही आत होती आणि आपण तिला चपळ म्हणायचो! मारुतीपेक्षा जेमतेम दोन-तीनशे किलो जास्त वजन आणि बारापट ताकद, तीही खडीच्या रस्त्यावर.

शिवाय ही ताकद सरळ मिळत नव्हती. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, त्याला वेग घ्यायला क्षण-दोन क्षण लागतात. म्हणजे आत्ता पाय दाबला तर ताकद थोड्या वेळाने येणार, आणि येणार ती एकदम. चालकाला वळण यायच्या आधीच, गाडी अजून आडवी असताना, पाय दाबावा लागायचा. लॅन्सियाने एस फोरमध्ये टर्बोच्या जोडीला सुपरचार्जर बसवला तो ही उणीव भरून काढायला. म्हणजे आता ताकद वाट पाहायला लावत नव्हती. हे बरं झालं की वाईट, यावरही चाहत्यांचं एकमत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ग्रुप बी म्हणजे सगळे राक्षसच, असं नव्हतं. निसान 240 आरएस ही साधी, टर्बो नसलेली गाडी ग्रुप बीच. टोयोटाची सेलिका टर्बो ही मागच्या चाकांवर चालणारी गाडीही ग्रुप बीच, आणि केनियाची सफारी रॅली 1984, 85, 86 अशी सलग तीन वर्षं तिनेच जिंकली. आफ्रिकेतल्या खड्ड्यांपुढे चारचाकी ताकदीच्या युरोपीय गाड्यांचं काही चाललं नाही. सफारी म्हटलं की शेखर मेहतांचं नाव घ्यावंच लागतं. युगांडात जन्मलेले, केनियाकडून खेळणारे, भारतीय वंशाचे मेहता, सफारी पाच वेळा जिंकलेले. निसानची 240 आरएस त्यांनीही चालवली. आपल्याकडे 1980 मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली, तिच्यातही मेहता उतरले होते. तर असो, मूळ मुद्द्याकडे येऊ.

मैदानावरची चढाओढ थोडक्यात. क्वाट्रोने चारही चाकांना ताकद देऊन खेळ बदलला. 1981 ला सानरेमो रॅली मिशेल मूतोंने क्वाट्रोतून जिंकली, जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. 1982 ला तिने आणखी तीन जिंकल्या आणि अजिंक्यपद वाल्टर रोर्लकडून थोडक्यात हुकलं. 1983 ला लॅन्सियाने दोनच चाकांना ताकद देणाऱ्या 037 गाडीने कंपन्यांचं अजिंक्यपद पटकावलं, त्यानंतर तशा गाडीला ते कधी जमलं नाही. 1984 च्या मध्यावर ज्याँ तोदच्या हाताखालची प्यूजो 205 टर्बो 16 आली, 1985 तिचंच. त्या वर्षअखेरीला ब्रिटनमध्ये हेन्री तोईवोनेनने डेल्टा एस फोर पहिल्याच रॅलीत जिंकून दाखवली.

आता मृत्यूंकडे. हा भाग घाईने उरकायचा नाही.

2 मे 1985. कॉर्सिका. लॅन्सिया 037 चालवणारा इटालियन आत्तिलिओ बेत्तेगा झाडावर आदळून जागीच गेला. सहचालक वाचला. त्याच वर्षी अर्जेंटिनात आरी वातानेन मरणाच्या दारातून परत आला.

मार्च 1986. पोर्तुगाल, सिंत्राच्या डोंगरातला रस्ता. पोर्तुगालच्या रॅलीला लोटणारी गर्दी तेव्हा प्रसिद्ध होती, म्हणजे बदनाम होती. त्या काळची चित्रफीत पाहिली तर रस्ता दिसतच नाही. माणसांची भिंत दिसते, गाडी आली की ती फाटते आणि मागे पुन्हा मिटते. गाडीला हात लावून मागे सरण्याची पैज लागायची. स्थानिक चालक जोआकिम सांतोसची फोर्ड आरएस 200 त्या भिंतीत शिरली. तीन जण ठार, तीसहून अधिक जखमी. कंपन्यांच्या संघांचे चालक एकत्र बसले, सही करून निवेदन काढलं आणि रॅली सोडून गेले. आयोजकांनी रॅली मात्र पूर्ण केली. ऑडीने त्यानंतर या खेळातून अंग काढून घेतलं.

2 मे 1986. पुन्हा कॉर्सिका, बेत्तेगाला बरोबर एक वर्ष झालेलं. तोईवोनेन आघाडीवर होता, अंगात फ्लू होता, शेजारी सहचालक सर्जिओ क्रेस्टो. एका डाव्या वळणावर गाडी रस्ता सोडून दरीत गेली, झाडांवर आदळली आणि पेटली. इंधनाच्या टाक्या सीटांच्या खाली होत्या. अपघात कोणी जवळून पाहिला नाही. मदत पोचली तेव्हा गाडीचा सांगाडा उरला होता. गाडी का सुटली, हे आजही कोणी सांगू शकत नाही. तपासायला काही शिल्लकच नव्हतं.

फिसाचे अध्यक्ष ज्याँ-मारी बालेस्त्र यांनी लगोलग जाहीर केलं, 1987 पासून ग्रुप बी बंद. त्याची जागा घेणार असलेला ग्रुप एस सुद्धा रद्द. महिना संपायच्या आत जर्मनीतल्या एका रॅलीत मार्क सुररची आरएस 200 आदळली आणि सहचालक मिशेल वायडर गेला.

तर वाद काय आहे, ते आता पाहू. 'दोष गाडीचा नव्हता' म्हणणाऱ्यांच्या हातात दोन चांगले पुरावे आहेत. एक, बेत्तेगाची 037. ती त्या वेळच्या गाड्यांत जुनी आणि कमी ताकदीची होती, आणि ज्या रस्त्यावर ती आदळली तिथे कुठल्याही वेगवान गाडीला झाड क्षमा करत नाही. दुसरा, जानेवारी 1989 ची मॉन्टे कार्लो. ग्रुप बी जाऊन दोन वर्षं झालेली, गाडी ग्रुप ए ची लॅन्सिया, आणि ती कडेला उभ्या असलेल्या दोघांवर गेली. ते दोघे सामान्य प्रेक्षक नव्हते. लार्स-एरिक टॉर्प स्वतः नावाजलेला रॅलीचालक, आणि दुसरा त्याचा सहचालक. वेगाची इतकी जाण असणारी माणसं चुकीच्या जागी उभी राहू शकतात, तर बाकीच्यांचं काय! गर्दीचा प्रश्न गाड्यांवर बंदी घालून सुटला नाही, हे इथे मान्यच करायला लागतं.

पण म्हणून गाड्या निर्दोष? आम्हाला हे पटत नाही. पोर्तुगालचा दोष गर्दीवर आणि आयोजकांवर टाकता येईल. कॉर्सिकात गर्दी नव्हती. तिथे होती 890 किलोंच्या हिशेबात बसवलेली गाडी, आणि त्या हिशेबात इंधनाला जागा मिळाली ती माणसांच्या बुडाखाली. पाच हजार गाड्या विकायच्या असत्या तर असली रचना कोणी केली असती का? दोनशे आणि वीसच्या आकड्यांनी ती शक्य केली. आणि ते आकडे कोणी लिहिले? ज्यांनी पुढे बंदी घातली त्यांनीच. बालेस्त्र यांचा निर्णय योग्य होता असं आमचं मत आहे, पण ते त्या निर्णयात न्यायाधीश म्हणून बसले, हे खटकतं.

सुवर्णकाळवाल्यांच्याही काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. तोईवोनेनने एस्टोरिलच्या ट्रॅकवर एस फोर अशी काही पळवली, की तो फॉर्म्युला वनच्या रांगेत सहावा उभा राहिला असता, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ऐकायला गोड आहे. पण खासगी सरावातली वेळ आणि शर्यतीच्या दिवशीची पात्रता फेरी या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. शिवाय ग्रुप ए च्या कमी ताकदीच्या गाड्या काही वर्षांतच वळणांच्या रस्त्यांवर जुन्या वेळांच्या जवळ पोचल्या, कारण टायर आणि सस्पेन्शन सुधारलं. त्या गाड्या भीतिदायक होत्या यात शंका नाही. पण भीती वाटणं आणि वेग असणं यांत फरक आहे, आणि आठवणीत आपण ते दोन्ही एकच धरतो.

त्या गाड्यांचं पुढे काय झालं? भंगारात नाही गेल्या. युरोपच्या रॅलीक्रॉसमध्ये, बंदिस्त छोट्या ट्रॅकवर, 1992 पर्यंत पळत राहिल्या. ऑडीची एस वन 1987 मध्ये रोर्लने अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या डोंगरावर अकरा मिनिटांच्या आत नेली. तोदने बंदीविरुद्ध कोर्टात जाऊन पाहिलं, काही हाती लागलं नाही, मग प्यूजोची गाडी घेऊन तो पॅरिस-डाकारला गेला. 1987 ची ती शर्यत जिंकणारा चालक कोण? आरी वातानेन. आणि गंमत बघा, फिसाशी भांडलेला हाच तोद 2009 मध्ये तिच्या मातृसंस्थेचा, एफआयएचा, अध्यक्ष झाला.

मिशेल मूतोंने 1986 मध्ये जर्मनीचं अजिंक्यपद प्यूजोतून जिंकलं आणि ग्रुप बीबरोबरच जागतिक रॅलीतून निवृत्ती घेतली. पुढे ती परत आली, पण स्टिअरिंगमागे नाही. एफआयएची रॅली सुरक्षा प्रतिनिधी म्हणून तिने बरीच वर्षं काम केलं. पहिली स्पर्धक गाडी सुटायच्या आधी रस्ता पाहून घ्यायचा, माणसं कुठे उभी आहेत ते बघायचं, आणि ती हटत नसतील तर तो टप्पा रद्द करायला लावायचा. कडेच्या गर्दीमुळे टप्पा रद्द झाला की आजही चाहते चिडतात, आणि चिडून जे बोलतात त्यात ग्रुप बीचं नाव हमखास येतं.

प्रश्न असतील तर आता घेऊ.