हिरडा: कातड्याच्या कारखान्यातून कॅप्सूलच्या बाटलीत

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा आईने ऑनलाइन मागवलेली एक बाटली दाखवली. हिरड्याच्या अर्काच्या कॅप्सूल, आणि लेबलवर ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’. मी म्हटलं, अगं, हा तर तू मला बाळगुटीत उगाळून द्यायचीस! मग हा शब्द हिरड्याला चिकटला कधी? आजचा भाग त्याच्यावरच.

हिरड्याचं शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया चेब्युला. यातलं ‘चेब्युला’ काबूलवरून आलंय, कारण पश्चिमेकडे हे फळ ‘काबुली’ म्हणून ओळखलं जायचं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथातही या फळांवर एक प्रकरण आहे. पण हिरडा फक्त वैद्याचा कधीच नव्हता. आपल्याकडची नावंच बघा ना: बाळहिरडा, सुरवारी हिरडा आणि रंगारी हिरडा. यातला तिसरा रंगाऱ्याचा.

एकोणिसाव्या शतकात या तिसऱ्याने बाजी मारली. इंग्लंडच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांना टॅनिन हवं होतं, आणि हिरड्याच्या सालीत ते भरपूर. तिथल्या व्यापारात हिरड्याच्या प्रती बंदरं आणि गावांच्या नावांनी ओळखल्या जायच्या. जबलपुरी, राजापुरी, भिमलीपट्टणच्या ‘भिमलीज’ आणि चक्क ‘विंगोर्लाज’, म्हणजे आपलं वेंगुर्ला! कोकणातल्या एका बंदराचं नाव लंडनच्या भावपत्रकात मालाची प्रत म्हणून छापलं जात होतं. मला हे वाचून जाम भारी वाटलं.

टॅनिन करतं काय, तर कातड्यातल्या कोलॅजेनला घट्ट धरतं, म्हणून कातडं कुजत नाही. लोखंडाच्या क्षाराबरोबर तेच काळा रंग देतं. पुढे १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने क्रोम टॅनिंगचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम फार कमी वेळात व्हायला लागलं आणि हळूहळू हिरड्याची गरज कमी झाली.

आता दुसरी गोष्ट. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द सुद्धा औषधाच्या दुकानातला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मूरू आणि ड्युफ्रेस हे रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅक्रोलीन नावाचा विषारी पदार्थ साठवणीत खराब होऊ नये म्हणून धडपडत होते. हवेतल्या ऑक्सिजनला रोखणारे पदार्थ त्यांना त्यातून सापडले. मग रबर, तेलं, पेट्रोल. शरीराचा नंबर लागला १९५६ मध्ये, जेव्हा डेनहॅम हार्मनने म्हातारपणाचा दोष मुक्त मूलकांवर टाकला. आणि हा माणूस आधी शेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होता!

१९५८ मध्ये ब्लॉइसने एक सोपी चाचणी मांडली. डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्क टाकायचा. जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा झाला की अर्काने मुक्त मूलकं शमवली. हिरड्याचा अर्क या परीक्षेत मस्त पास होतो. होणारच! कातडं टिकवणारे हायड्रॉक्सिल गट आणि हे मूलक शमवणारे गट एकच आहेत. चेब्युलॅजिक अ‍ॅसिड, चेब्युलिनिक अ‍ॅसिड, गॅलिक अ‍ॅसिड, सगळं तेच टॅनिनचं कुटुंब.

पण परीक्षानळी म्हणजे माणूस नाही. आमच्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात. हिरड्यातले मोठे रेणू आतड्यातून जसेच्या तसे रक्तात फारसे जात नाहीत. एलॅजिक अ‍ॅसिडचं तिथले जिवाणू युरोलिथिन बनवतात. म्हणजे आत पोचतं ते वेगळंच काहीतरी. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट गुणांचा आपला तक्ताच वेबसाइटवरून काढून टाकला, कारण कंपन्या तो जाहिरातीत वापरत होत्या आणि त्या आकड्यांवरून माणसाच्या तब्येतीबद्दल काही सांगता येत नव्हतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘पण पोट साफ होतं रे.’ ते खरंय, त्यावर माझा काही आक्षेप नाही.

माझा आक्षेप लेबलवर जे नाही त्याला आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बाळहिरडा आदिवासी कुटुंबं गोळा करतात, वाळवतात आणि व्यापाऱ्याला विकतात. जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि भरपाईसाठी या लोकांना पुढे कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली. वेंगुर्ल्याचं नाव निदान मालावर तरी होतं. आईची बाटली मी उलटून, पालटून बघितली. हिरडा कुठला, त्याचा कुठेच उल्लेख नव्हता.