मेळघाटातील गळाची मासेमारी

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि अकोला जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची गाविलगड डोंगररांग पसरली आहे. या डोंगरातील नद्या व डोह हे मेळघाटातील मासेमारीचे क्षेत्र होय.

नद्या
खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या मेळघाटातील प्रमुख नद्या तापीला मिळतात. दक्षिण उतारावरील शहानूर, वान इत्यादी नद्या पूर्णेला मिळतात. पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. या नद्यांचे पाणी मुख्यतः पावसाळ्यावर अवलंबून असते. उन्हाळ्यात प्रवाह खंडित होतो व मासे खोल डोहांत आश्रय घेतात.

मासे
ट्राउट हा थंड पाण्यातील मासा आहे. पाण्याचे तापमान दीर्घकाळ २० अंश सेल्सियसच्या वर राहिल्यास त्याची वाढ खुंटते. त्यामुळे ब्रिटिश काळात काश्मीर व निलगिरीत रुजवलेला हा मासा वऱ्हाडच्या उष्ण हवामानास मानवणारा नाही. तापी व नर्मदा खोऱ्यांत गळाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेला मासा म्हणजे महासीर. शेजारच्या मध्य प्रदेशाचा तो राज्य मासा आहे. याशिवाय मरळ, वाम व शिंगाळा हे मासेही या भागात परिचित आहेत.

पद्धती
फ्लाय फिशिंगमध्ये पिसे व दोऱ्याने बनवलेली कृत्रिम माशी गळाला लावतात. ती अत्यंत हलकी असल्याने जाड दोरीच्या वजनानेच दूर फेकली जाते. महासीर मात्र कणकेचा गोळा, छोटा मासा किंवा धातूचा चमचा यांनाही लागतो. एच. एस. थॉमस यांच्या १८७३ मधील ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथाने महासीरच्या शिकारीस प्रसिद्धी मिळवून दिली.

संरक्षण
मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. त्यातील गुगामल राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मासेमारीस मनाई आहे. पाण्यात विष किंवा स्फोटके टाकून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. उन्हाळ्यात याचे महत्त्व अधिक असते. एका डोहात विष पडल्यास त्यात आश्रयाला आलेले लहानमोठे सर्व मासे मरतात आणि पुढील पावसाळ्यातील प्रजननासाठी मासेच उरत नाहीत. तेच पाणी वाघ, सांबर, गवा व पाळीव गुरेही पितात. दुसरीकडे, नदीतील मासे हा कोरकू समाजाच्या आहाराचा पारंपरिक भाग असल्याने संरक्षण आणि उपजीविका यांचा मेळ घालणे हा येथील कळीचा प्रश्न आहे.