‘नागवणे’ आणि ‘नागविणे’

मध्यंतरी कचेरीतील एका हिंदीभाषक स्नेह्याने आम्हांस ‘नागविणे’ म्हणजे काय, असे विचारले. ‘लूटना’ असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण मनाचे समाधान झाले नाही. लुटारू बळाने नेतो. नागविणारा पुष्कळदा कायद्याने, आणि आपल्याच सहीनिशी नेतो.

संस्कृत ‘नग्न’, त्यावरून ‘नागवा’ आणि त्यावरून हे क्रियापद. जुन्या मराठीत त्याची दोन रूपे आढळतात. ‘नागवणे’ म्हणजे स्वतः सर्वस्वास मुकणे. ‘नागविणे’ म्हणजे दुसऱ्याची ती दशा करणे. ‘कुणबी नागवला’ म्हटले की करणारा वाक्याबाहेर राहतो.

पुणे व नगर जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकात नेमके हेच घडले. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१–६५) कापसाला भाव चढला, कर्ज सुलभ झाले. युद्ध संपताच भाव कोसळले. तशात शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा; परंतु सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. न्यायालय रोख्यावरील निशाणी पाही, तिच्यामागील हिशेब नव्हे. कागदोपत्री कोणीच कोणास नागवीत नव्हते. कुणबी मात्र नागवत होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. दुकाने लुटली गेली, हे खरे. तथापि दंग्याचा मुख्य रोख रोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ते कागद जाळण्यात आले. चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासून इतिहास तपासावा, असे त्याने ठरविले. ‘नागवला’ एवढ्यावर न भागविता ‘नागविले कोणी’ हा प्रश्न प्रथमच न्यायासनाच्या कर्तव्यात आला. सावकारांनी पुढे कर्जाऐवजी खरेदीखते लिहून घेऊन यातूनही वाट काढली, ही गोष्ट निराळी.

‘अर्जदाराचे नुकसान झालेले दिसते’ असे टिपण आम्ही स्वतः कितीदा लिहिले असेल, त्याची गणती नाही. वाक्य व्याकरणशुद्ध असते. नुकसान करणारा तेवढा त्यात नसतो. आमच्या स्नेह्यास आता हा सारा इतिहास सांगावयाचा आहे. त्याच्याही टेबलावर अशीच प्रकरणे येतात.