वरणाच्या वाटीमागची विदुषी

दिवाळी आली की घरोघर बेसन भाजल्याचा खमंग वास सुटतो. एरवी आमच्या वसमत तालुक्यातील हट्टा गावात ताटातला मुख्य आधार म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण. या डाळींत शरीर घडवणारे प्रथिन असते. अमिनो आम्लांचे मणी लांबलचक माळेत ओवावेत आणि त्या माळेची नेटकी घडी घालावी, तसा हा महारेणू. आपले स्नायू त्याचे, प्राणवायू वाहून नेणारे रक्तातले हिमोग्लोबिन त्याचे, अन्न पचविणारे ट्रिप्सिनही त्याचेच. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल तोकडे. डाळीत ते भरपूर. भाकरी-वरणाची जोडी म्हणूनच एकमेकांची उणीव भरून काढते.

या प्रथिनांच्या अभ्यासात एका मराठी स्त्रीने आपले आयुष्य वेचले. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. दुसरी कोणी मुकाट्याने परतली असती. कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून: पहिले वर्ष परीक्षेचे, नियमित विद्यार्थिनीचा मान नाही. हा अपमान त्या विसरल्या नाहीत, पण कामात कसूरही केली नाही. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी असे काम केले की रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

मग त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते, हे त्यांनी बटाट्यावरील संशोधनातून दाखविले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

परदेशात राहणे कठीण नव्हते. पण त्या मायदेशी परतल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गोरगरिबांच्या अन्नाचा अभ्यास मांडला. वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडविणारी प्रथिने असतात. कच्चे धान्य खाल्ले तर त्यातले पोषण अंगी लागत नाही; नीट शिजविले की या प्रथिनांचा जोर बहुतांशी मोडतो. नीरेतील पोषणद्रव्यांवरही त्यांनी काम केले, आणि त्याबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. १९९८ साली त्या निवर्तल्या.

वाचकहो, 'कडधान्य नीट भिजव, मऊ शिजव,' असे सासूबाई सुनेला पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. त्यामागच्या कारणाचा ज्या बाईने प्रयोगशाळेत अभ्यास केला, तिला आधी त्या प्रयोगशाळेचा उंबरठा झगडून ओलांडावा लागला. त्या सुनेच्या लेकीला शाळेत प्रथिनांचा धडा शिकविताना ही गोष्टही सांगितली पाहिजे.