तारखेत न मावणारे जन्म

पुराणांतून आणि लोककथांतून घडवलेली पात्रं आज व्हिडिओ गेममध्ये वावरतात आणि गेम बनवणाऱ्या कंपन्या त्यांना वाढदिवसही देतात. मीहोयो या चिनी कंपनीचा, २८ सप्टेंबर २०२० रोजी आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हे त्याचं ठळक उदाहरण. त्यातला वायुदेव व्हेन्टी १६ जूनचा, पाषाणदेव झोंगली ३१ डिसेंबरचा, विजेची देवी रायडन शोगुन २६ जूनची, ज्ञानदेवता नाहिदा २७ ऑक्टोबरची. जन्मसाल मात्र कुणालाच नाही. त्या त्या दिवशी त्या पात्राचं पत्र आणि छोटीशी भेट खेळणाऱ्याला गेममधल्या टपालात मिळते.

या तारखांविषयी एक मत आता पक्कं रुजलं आहे. प्रत्येक तारीख हा एक संकेत आहे. पात्राची रास काढा, अंकांची बेरीज करा, त्या दिवशी जगात काय घडलं ते शोधा, म्हणजे पात्राचा गूढार्थ हाती येतो, असं ते मत. त्याला आधार म्हणून आपली परंपरा पुढे केली जाते. रामाला नवमी, कृष्णाला अष्टमी, मग झोंगलीला ३१ डिसेंबर का नसावा? हा युक्तिवाद आकर्षक आहे. पण तो गेमवरही अन्याय करतो आणि पुराणांवर त्याहून मोठा.

आधी पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा घेऊ. याच गेममधली हू ताओ अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेची प्रमुख आहे आणि तिचा वाढदिवस १५ जुलै. चिनी पंचांगात सातव्या महिन्याची पंधरावी तिथी मृतात्म्यांच्या सणाची असते. मृत्यूशी रोजचा व्यवहार असलेल्या मुलीला सात आणि पंधरा हेच आकडे मिळावेत, हा योगायोग मानणं कठीण आहे. इथे संकेत आहे, हे मी मान्य करतो.

मात्र हा संकेत कशातून आला, ते नीट पाहायला हवं. मूळ सण चांद्र महिन्याचा, म्हणजे पौर्णिमेचा. १५ जुलैला आकाशात पौर्णिमा असेल किंवा अमावस्याही असेल. चंद्र गळून गेला, आकडे तेवढे राहिले. जपाननं १८७३ साली ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं, तेव्हापासून टोकियोत पितरांचा ओबोन सण असाच जुलैच्या मध्यावर आला. देशाच्या बऱ्याच भागात तो ऑगस्टमध्ये होतो. हू ताओच्या तारखेला अर्थ आहे तो तिच्यामागे पितरांना स्मरण्याचा जिवंत आचार आहे म्हणून. सात-पंधरा या अंकांत स्वतःची अशी काही शक्ती नाही.

हीच कसोटी झोंगलीला लावली की रूढ मत डळमळतं. ३१ डिसेंबर म्हणजे वर्षाचा शेवट, म्हणून तो एका युगाच्या समाप्तीचा देव, असं सांगितलं जातं. पण झोंगलीचा लियुए हा प्रदेश चिनी संस्कृतीवर बेतलेला आहे आणि तिथला मोठा उत्सव कंदिलांचा, चिनी नववर्षाच्या धर्तीवरचा. त्या संस्कृतीचं परंपरागत वर्ष ३१ डिसेंबरला संपतच नाही. सहा हजारांहून अधिक वर्षं जगलेल्या देवाच्या जन्माचा अर्थ, १५८२ साली पोप ग्रेगरीच्या आज्ञेनं लागू झालेल्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर शोधायचा, याला आधार काय? ही तारीख देवाच्या जगाकडे पाठ करून आणि खेळणाऱ्याच्या जगाकडे तोंड करून उभी आहे.

आता परंपरेचा आधार तपासू. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात रामजन्माचं वर्णन आहे: चैत्रातली नवमी, पुनर्वसू नक्षत्र, कर्क लग्न आणि पाच ग्रह उच्चीचे. जन्मलेलं बालक लोकोत्तर आहे, हे कवी आकाशाच्या भाषेत सांगतो. अलीकडे काहींनी ही ग्रहस्थिती संगणकात घालून इ.स.पू. ५११४ मधली १० जानेवारी ही रामाची जन्मतारीख काढली. गेमच्या तारखेची रास काढणारा आणि रामाच्या कुंडलीची तारीख काढणारा, दोघांची चूक एकच आहे. काव्यानं जे सुचवायचं ठरवलं, ते दोघेही नोंदवहीतल्या आकड्यासारखं वाचतात.

शिवाय परंपरेला एकच एक तारीख लागतेच असं नाही. गणपतीची भाद्रपदातली चतुर्थी आपण घरोघरी साजरी करतो आणि गणेशजयंती माघ शुद्ध चतुर्थीला करतो. हनुमानजन्म आपल्याकडे चैत्री पौर्णिमेला, तर तमिळनाडूत मार्गळी महिन्यात. गोकुळाष्टमी आपल्या पंचांगात श्रावण वद्यात येते आणि उत्तरेच्या पंचांगात तीच रात्र भाद्रपदातली ठरते. गूढार्थ तारखेतच दडलेला असता, तर या दुहेरी नोंदींनी भक्तांचा गोंधळ उडाला असता. तसा तो उडत नाही, कारण अर्थ दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे, हे आष्टी तालुक्यात उत्तम कळतं. गर्भगिरीच्या डोंगरात, सावरगावजवळ मायंबा इथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची. या पट्ट्यात घरोघरी वाचला जातो तो धुंडीसुत मालू यांचा ‘नवनाथ भक्तिसार’, १८१९ सालचा, चाळीस अध्यायांचा. त्यातले जन्म आठवून पाहा. मच्छिंद्र मासळीच्या पोटी वाढतो. गोरखासाठी दिलेलं भस्म एक बाई उकिरड्यावर टाकते आणि बारा वर्षांनी गुरूच्या हाकेला त्याच उकिरड्यातून ओ येते. कानिफ हत्तीच्या कानातून प्रकटतो, जालंदर यज्ञकुंडातून. गहिनी हा चिखलाचा पुतळा. संजीवनी मंत्र घोकत असताना गोरखाच्या हातून घडला आणि जिवंत झाला. रेवणनाथ रेवेच्या वाळूत एका शेतकऱ्याला सापडतो.

या जन्मांत पाणी आहे, अग्नी आहे, माती आहे, लोकांनी टाकून दिलेला केरकचराही आहे. सिद्धपुरुष कुळातून येत नाही आणि कुठूनही येऊ शकतो, हा नाथपंथाचा गाभा प्रत्येक कथेत आहे. गोरखाच्या उकिरड्याचा जो अर्थ आहे, तो कुठल्याही राशीतून निघणार नाही. पुराणात प्रतीक असतं ते जन्माच्या रीतीत.

गेमलाही हेच लागू पडतं. नाहिदाला गेममध्ये कुसनाली असंही म्हणतात. ‘कुसनाली जातक’ या बौद्ध कथेत कुश गवतात राहणारी एक लहानशी देवता सरड्याचं रूप घेते, झाडाचं खोड पोकळ असल्याचा भास निर्माण करते आणि सुतारांच्या कुऱ्हाडीपासून मोठ्या वृक्षाला वाचवते. महावृक्षाशी बांधलेली, बालरूपातली, ज्येष्ठांनी कमी लेखलेली नाहिदा या कथेतून उलगडते. सत्तावीस ऑक्टोबरची वृश्चिक रास तिच्याविषयी याच्या शतांशानंही सांगत नाही. ज्यानं जातक वाचलं, त्याला नाहिदा भेटली.

यावर एक आक्षेप येईल: मग हे वाढदिवस म्हणजे निव्वळ विक्रीची युक्ती समजायची का? तसंही नाही. जन्मदिवसांचे तीन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. पहिला ऐतिहासिक व्यक्तीचा. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा की १६३०चा, हा वाद कागदपत्रांचा होता. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, त्यातली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद निर्णायक ठरली आणि आज शासन १९ फेब्रुवारीला शिवजयंती करतं. तिथे पुरावा बोलतो. दुसरा प्रकार देवतेचा आणि सिद्धाचा. मायंब्याला ऋषिपंचमीला मच्छिंद्रनाथांचा जन्मोत्सव होतो, मढीला रंगपंचमीला कानिफनाथांच्या समाधीचा दिवस पाळतात. तिथे दिवसाला अर्थ येतो तो पायी येणाऱ्या माणसांमुळे, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पारायणांमुळे आणि महाप्रसादाच्या पंगतींमुळे. तिसरा प्रकार गेममधल्या पात्राचा. ही तारीख लेखकानं ठरवलेली असते. ती कागदपत्रांतून सापडलेली नसते आणि लोकांनी पाळून रुजवलेलीही नसते.

पण ती रुजू शकते. जगभरातले चाहते त्या दिवशी पात्राची चित्रं काढतात, एकमेकांना शुभेच्छा देतात. हा आचाराचा कोवळा अंकुर आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. मात्र गेमचा सर्व्हर बंद झाला की टपालातलं पत्र थांबतं; मायंब्याची वाट कुणा कंपनीच्या हाती नाही. म्हणून अशा तारखेचा अर्थ लावताना विचारावं ते असं: हे कॅलेंडर कुणाचं आहे, हा दिवस कोण पाळतं आणि त्या दिवशी कोणती कथा सांगितली जाते? या प्रश्नांना हू ताओची तारीख उत्तर देते, झोंगलीची देत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ आणला. दुर्गा आणि विष्णू यांच्या कृपेनं महाबलासुराशी लढणाऱ्या मुलीची ती कथा. तिथलं पुराण भिंतींवरच्या चित्रांतून आणि छायाबाहुल्यांच्या दृश्यांतून उलगडतं. योग्य वाट हीच आहे. उद्या कुणी मराठी मुला-मुलींनी नवनाथांवर गेम केला, तर गोरखाला कोणती तारीख द्यावी यावर त्यांनी एक दिवसही घालवू नये. खेळणाऱ्याला आधी त्या उकिरड्यापाशी न्यावं, बारा वर्षांनी आलेली हाक ऐकवावी आणि आतून आलेली ओ त्याच्या कानी पडू द्यावी. ही कथा मनात ठसली, की वाढदिवस कोणता मानायचा आणि कसा पाळायचा, हे खेळणारे स्वतःच ठरवतील. परंपरेत हे काम नेहमी लोकांनीच केलं आहे.