वही कोणापुढे उघडावी?

आर. के. लक्ष्मण यांच्याबद्दलची एक गोष्ट महाराष्ट्रात वारंवार सांगितली जाते. म्हैसूरच्या या मुलाने शाळा संपल्यावर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशासाठी अर्ज केला. तिथल्या प्रमुखांचं उत्तर आलं, की आमच्या संस्थेत विद्यार्थी म्हणून घेण्यासाठी जी गुणवत्ता लागते ती तुमच्या चित्रांत नाही. पुढे हाच मुलगा मुंबईत आला आणि देशातला सर्वांत ओळखीचा व्यंगचित्रकार झाला. गोष्ट इथे संपते. ऐकणारे जे. जे.ला हसतात आणि उठतात.

मला या गोष्टीतलं हसू फारसं महत्त्वाचं वाटत नाही. अंदाज सगळ्याच संस्थांचे चुकतात. माझं कुतूहल वेगळं आहे. चित्रं काढणारं कोवळं पोर आपली वही दुसऱ्यापुढे उघडतं, तेव्हा त्याला नेमकं काय हवं असतं? आणि त्याला जे मिळतं, त्याने त्याचा हात सुधारतो का? लक्ष्मण यांनी आत्मचरित्रात जे सांगितलं आहे त्यावरून पाहता, मुंबईहून आलेलं पत्र हा निकाल होता. कोणती रेषा लटपटते, कोणती चालते, याबद्दल त्यात मुलाच्या हाती काही लागलं नाही.

जे. जे.ची बाजूही पाहायला हवी. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेची शिस्त ब्रिटिश कलाशाळांकडून आली होती. पुतळ्यांवरून रेखाटन, छायाप्रकाश, शरीररचना, यथार्थदर्शन, अशा पायऱ्या चढत विद्यार्थी घडायचा. त्या शिस्तीचं फळ पाहायचं तर म्हैसुरातच पाहता येतं. जगन्मोहन राजवाड्यात हातात समई घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. त्यापुढे उभे राहिलेले कितीतरी मराठी पर्यटक ते रविवर्म्याचं समजतात. ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, आणि हळदणकर जे. जे.मध्ये शिकलेले. चित्रासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांमधून झिरपणारा तो तांबूस उजेड त्यांनी जलरंगात पकडला आहे. जलरंगात चूक झाकायला जागा नसते, त्यामुळे हा संयम किती सरावाचा आहे ते सहज कळतं. असा डोळा घडवणाऱ्या शाळेला चार रेषांत बसवलेला कावळा अपुरा वाटला, तर त्यात दुष्टावा नव्हता. मुलाने वही चुकीच्या खिडकीत सरकवली होती, एवढंच.

मग लक्ष्मणांची वही बरोबर कुठे उघडली गेली? लहानपणी घराच्या भिंती, दारं, जमीन, सगळीकडे त्यांची चित्रं असायची. शाळेत एकदा पिंपळाच्या पानाचं चित्र काढायला सांगितलं होतं. शिक्षकांनी या मुलाचं पान पाहून त्याचं कौतुक केलं आणि तू पुढे चित्रकार होशील असं सांगितलं. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या वाळक्या काटक्या, लाकडं फोडणारा गडी आणि समोरच्या छपरावरचे नाना ढंगांचे कावळे ते काढत राहिले. कावळा तर जन्मभर सुटला नाही. ‘हिंदू’मध्ये डेव्हिड लो यांची व्यंगचित्रं छापून येत. लक्ष्मण ती निरखत आणि सहीतला ‘लो’ बराच काळ ‘काऊ’ असा वाचत. न भेटलेला हा गुरू काही बोलत नव्हता, पण एका रेषेत माणसाचं वजन कसं आणायचं हे रोज दाखवत होता.

नकारानंतर लक्ष्मण म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकले. तिथे असतानाच थोरल्या भावाच्या, म्हणजे आर. के. नारायण यांच्या ‘हिंदू’तल्या कथांना ते चित्रं काढू लागले. डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ साली ‘कोरवंजी’ हे कन्नड विनोदी मासिक काढलं, त्यातही त्यांची व्यंगचित्रं येऊ लागली. इथे चित्र पाहणाऱ्याची भूमिकाच बदलते. संपादक ‘तुझ्यात गुण आहेत का’ असं विचारत बसत नाही. कथेतला प्रसंग चित्रात आला का, विनोद वाचकाला कळला का, अंक छपाईला जायच्या आत चित्र हाती येईल का, हे त्याचे प्रश्न असतात. या तिन्हींची उत्तरं देता येतात, आणि आज जमलं नाही तर पुढच्या अंकात सुधारता येतात.

त्याच घरात काही वर्षांपूर्वी असाच प्रसंग थोरल्या भावावर आला होता. नारायण यांची पहिली कादंबरी प्रकाशकांकडून परत येत होती. वैतागून त्यांनी इंग्लंडमधल्या मित्राला कळवलं, की बाडाला दगड बांधून ते थेम्समध्ये बुडवून टाक. मित्राने ते ग्रॅहॅम ग्रीन यांच्याकडे नेऊन दिलं. ग्रीननी ते वाचलं, नवं शीर्षक सुचवलं, प्रकाशक मिळवून दिला, आणि १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध झाली. लेखकाचं लांबलचक नाव आटोपशीर करण्याची सूचनाही त्यांचीच. पुढच्या लेखनावरही त्यांची नजर राहिली. ग्रीननी मालगुडीचं लंडन केलं नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. लेखकाला काय करायचं आहे ते त्यांनी ओळखलं आणि त्याच वाटेवरचे खडे उचलले.

चांगल्या गुरूलाही हे दर वेळी साधत नाही. म्हैसूरचे आणखी एक चित्रकार, के. वेंकटप्पा, १९०९ साली कलकत्त्याला अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिकायला गेले. नंदलाल बोस त्यांचे सहाध्यायी. अवनींद्रनाथांनी स्वतः सांगितलेली नंदलालांची एक आठवण आहे. नंदलालांनी उमेचं चित्र दाखवलं. गुरूंना त्यात रंग फार कमी वाटला. हिला थोडं सजव, असं त्यांनी सुचवलं. रात्री मात्र त्यांना झोप येईना. तपाला बसलेली उमा या मुलाने तशीच पाहिली असेल, तर तिला नटवायला सांगणारा मी कोण? पहाट होताच ते धावत नंदलालांकडे गेले. चित्रावर हात फिरवायची तयारी चाललीच होती. त्यांनी त्यांना थांबवलं.

या आठवणीतला गुरू मला मुंबईच्या पत्रापेक्षा आणि पिंपळपानाच्या शाबासकीपेक्षाही अधिक शिकवतो. शाबासकीने बळ येतं, पण नंतरची रेषा कशी ओढायची ते कळत नाही. नकाराने तर बहुतेकांच्या वह्या कायमच्या मिटतात. लक्ष्मणांची मिटली नाही, कारण घरात आणि गावात ती पाहणारे दुसरे होते. ज्यांच्या मिटल्या त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून जे. जे.ची गोष्ट आपल्याला इतकी हसरी वाटते.

महाराष्ट्रातल्या शाळांमधून लाखो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसत आली आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं काढून झाल्यावर हाती येते ती श्रेणी. ‘ब’ श्रेणी मिळालेल्या मुलीला तिचा तांब्या एका बाजूला का कलला ते समजत नाही. परीक्षेचं ते काम नव्हे हे मान्य, पण मग ते काम कुणीतरी करायला हवं.

अनुवादाच्या कामात आम्हाला याची सवय असते. मसुदा दुसऱ्याला देताना ‘कसा वाटला?’ असं विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘तिसऱ्या पानावरची म्हातारी मराठी बोलते का?’ असं विचारलं तर पेन्सिलीच्या खुणा होऊन पान परत येतं. चित्रांच्या वहीचंही तेच आहे. ‘मला चित्रकला येते का?’ हा प्रश्न वहीसोबत देऊ नये. ‘ही बाई खरंच वजन उचलते आहे असं वाटतं का?’ असं विचारावं. दाखवताना खाडाखोडीची पानंही काढून टाकू नयेत, कारण हात कुठे अडतो ते तिथेच दिसतं. आणि पाहणाऱ्याने आधी विचारावं, तुला यात काय दाखवायचं होतं? अवनींद्रनाथांना हा प्रश्न रात्री सुचला. आपल्याला तो चित्र समोर असतानाच सुचला, तर कुणाला पहाटे धावावं लागणार नाही.

१९५१ पासून लक्ष्मणांचं छोटं चौकटचित्र ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पहिल्या पानावर येऊ लागलं, आणि पुढची अनेक दशकं येत राहिलं. चहाचा कप हातात घेतलेल्या वाचकाला ते कळलं की नाही, याचा निवाडा त्याच सकाळी व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी पान पुन्हा कोरं असायचं.