छायाचित्राखालील नाव

ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक अंकांतून कार्यकारी मंडळाचे, गुणवंत विद्यार्थ्यांचे अथवा वसतिगृहाच्या कोनशिलासमारंभाचे छायाचित्र छापण्याची प्रथा इतकी रूढ झाली आहे की, तिलाही काही इतिहास आहे ह्याचे आपणांस विस्मरण पडते. वास्तविक पूर्वीच्या मुंबई इलाख्यात ज्ञातिजनांची छायाचित्रे निघू लागली त्यास दीडशेहून अधिक वर्षे लोटली. परंतु ती ज्या हेतूने व ज्यांच्यासाठी निघाली, तो हेतू व ते ग्राहक अगदी निराळे होते. ह्या स्थित्यंतराचा थोडक्यात परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

१८३९ साली पॅरिस येथे दागेर ह्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि थोड्याच अवधीत ती विद्या हिंदुस्थानात येऊन पोचली. १८५४ साली मुंबईस ‘फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. तीत गोऱ्या अंमलदारांचा भरणा असला, तरी डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनी पुढे हाच व्यवसाय पत्करला. आपल्याकडील आरंभीच्या धंदेवाईक छायाचित्रकारांत त्यांची गणना होते.

त्या काळी हे काम किती कष्टाचे होते, ह्याची आज कल्पना येणे कठीण. १८५१ साली आर्चर ह्याने शोधून काढलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर देऊन ती रौप्यक्षारांच्या द्रावणात बुडवावी लागे, आणि ती ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवावी लागे. म्हणजे गावोगाव हिंडून माणसांची चित्रे घ्यावयाची, तर काचा, रसायने, पाणी आणि काळोखाची राहुटी एवढा सरंजाम बरोबर नेणे प्राप्तच होते. आपल्या उन्हात तर काच लवकर सुके. शिवाय बसणाऱ्याने काही सेकंद निश्चल राहणे आवश्यक असे. त्यासाठी मानेमागे लोखंडी आधार लावीत. त्या वेळच्या चित्रांतील मुद्रा ताठ व कठोर दिसतात, त्याचे बरेचसे कारण ह्यातच आहे.

ह्याच अडचणीतून एक चमत्कारिक तोड निघाली. विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतील एका अधिकाऱ्याने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींवर दोन खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. पहिला खंड १८६३ साली व दुसरा १८६६ साली निघाला. ह्यातील पुष्कळ चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली, तर मागील देऊळ, तलाव वा रस्ता दुसऱ्याच छायाचित्रातून घेतलेला आहे. दोहोंची जुळणी करून एकच चित्र केले आहे. माणूस खरा, पोशाख खरा, स्थळही खरे. परंतु तो माणूस त्या स्थळी उभा होता, हे मात्र खरे नव्हे.

ह्याहून मोठा खटाटोप सरकारचा. वॉटसन व के ह्यांनी संपादिलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६८ ते १८७५ ह्या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. सत्तावनच्या उठावानंतर प्रजेची ओळख करून घेण्याची निकड राज्यकर्त्यांस भासली, तिचे हे फळ होय. चित्राखाली बहुधा जातीचे वा जमातीचे नाव, व सोबतच्या मजकुरात तिच्या स्वभावाविषयी शेरे. कोणती ज्ञाती राजनिष्ठ, कोणती कपटी, हे एका चेहऱ्यावरून संबंध समाजास लावण्यात येई. १८६९ साली सर सय्यद अहमद खान लंडनमध्ये असता त्यांनी हा ग्रंथ पाहिला. आपल्या देशबांधवांचे ते दर्शन पाहून त्यांस मोठा विषाद वाटला. असे चित्र पाहून परदेशच्या तरुणांनी आपल्याविषयी काय ग्रह करून घ्यावा, ही त्यांची व्यथा होती.

पुढे पारडे हळूहळू फिरले. कोरड्या काचांचा शोध लागून काम सुलभ झाले आणि छायाचित्रकार ग्राहकाच्या बोलावण्यावरून दारी येऊ लागला. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) ह्यांनी संस्थानिकांची, लष्करी तुकड्यांची व बांधकामांची चित्रे जागेवर जाऊन घेतली. १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी खास दालन काढले, व ते एका युरोपियन बाईंकडे सोपविले. १८९६ साली मुंबईतही शाखा उघडली. संस्थांनाही छायाचित्राचे महत्त्व पटले होते. डिसेंबर १८८५ मध्ये गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. तेथे बसलेली मंडळी कोणा अंमलदाराने नमुना म्हणून उभी केलेली नव्हेत. ती स्वेच्छेने, स्वतःच्या कार्यासाठी एकत्र बसली होती. पुढील काळातील ज्ञातिसभा, वसतिगृहे व शिक्षणफंड ह्यांची समूहचित्रे ह्याच जातकुळीची होत.

ह्या दोन प्रकारांतील मुख्य भेद यंत्राचा नसून नावाचा आहे. पहिल्यात व्यक्तीचे नाव गाळून ज्ञातीचे नाव लिहिले गेले. दुसऱ्यात खुर्चीवर बसलेले, मागे उभे असलेले, पुढे सतरंजीवर बसलेले, अशी प्रत्येकाची नावे डावीकडून क्रमाने छापली गेली. परंतु आज अनेक कार्यालयांच्या भिंतींवरील जुन्या तसबिरींचे काय झाले आहे? काच धुरकटली, खालची पट्टी वाळवीने खाल्ली, आणि ओळखणारी वृद्ध मंडळी एकामागून एक निघून गेली. अशा तसबिरीतले आपले आजोबा-पणजोबा पुन्हा एकदा निनावी नमुनेच होऊन बसतात. आणि ह्या खेपेस तो दोष परक्या सरकारवर ढकलता येत नाही.

म्हणून सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती की, घरातील जुनी छायाचित्रे वडीलधाऱ्यांसमोर मांडावी, नावे, गाव, प्रसंग व वर्ष विचारून घ्यावे, आणि मागील पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाई कालांतराने पुढे उमटते. स्त्रियांच्या बाबतीत ‘अमुक ह्यांच्या पत्नी’ एवढ्यावर न थांबता त्यांचे स्वतःचे नाव लिहावे. पाहुण्यांच्या पाठीमागे उभा असलेला कार्यालयाचा शिपाई वा आचारी ह्याचेही नाव ठाऊक असल्यास गाळू नये. हे काम ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच होण्याजोगे आहे.